टँकमध्ये ड्रिफ्टवुड टाकण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बैठकीच्या खोलीत तीन फुटी टँक आहे आणि त्यात जांभळाचं एक वेडंवाकडं मूळ. घरी येणारा माणूस आधी माशांचं कौतुक करतो, मग त्या मुळापाशी येऊन थांबतो आणि प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं वाचून कळली, काहींची माती खाऊन.

ड्रिफ्टवुड म्हणजे नक्की काय? अंगणातलं वाळकं लाकूड टाकलं तर काय बिघडतं?

शब्दाचा अर्थ घ्यायचा तर पाण्याबरोबर वाहत आलेलं लाकूड. महिनोन्‌महिने पाण्यात भिजून, वाळूत घासून त्याची साल गेलेली असते, रस गेलेला असतो, मऊ भाग झडलेला असतो. उरतो तो नुसता गाभा. काष्ठशिल्पांचं प्रदर्शन पाहिलं असेल तर हे लाकूड तुमच्या ओळखीचं आहे. दुकानात या नावाने मिळणारं बरंचसं लाकूड मात्र कधी वाहिलेलंच नसतं. ती जमिनीतून खणून काढलेली, वाळवून साफ केलेली मुळं असतात. त्यात गैर काही नाही. साल काढणं, रस घालवणं, सडका भाग टाकून देणं हे नदीचं काम कुणीतरी केलेलं असलं म्हणजे झालं. आपण घरी करतो ती तयारी म्हणजे नदीचं राहिलेलं काम. अंगणातल्या लाकडाच्या बाबतीत ते सगळंच्या सगळं आपल्या अंगावर येतं, एवढाच फरक.

उकळायलाच हवं का? किती वेळ?

हवंच असं नाही. उकळल्याने वरची बुरशी, किड्यांची अंडी, गोगलगायींची पिल्लं मरतात, रंग लवकर सुटतो आणि लाकूड लवकर बुडतं. यातला रंग आणि बुडणं नुसत्या भिजवण्यानेही साधतं, फक्त थांबावं लागतं. मनगटाएवढा जाड तुकडा मी दोन तास उकळतो, काळं झालेलं पाणी ओतून देतो आणि ताज्या पाण्यात पुन्हा तासभर ठेवतो. बोटाएवढ्या फांद्यांना अर्धा तास पुष्कळ झाला. दिवसभर उकळत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या फांद्या नंतर हातात भुसा होऊन येतात आणि सिलिंडर संपतो तो वेगळाच.

एक गोष्ट मात्र बहुतेकांची चुकते. उकळून झालं की ते चिमट्याने लगेच बाहेर काढतात. काढू नका. गॅस बंद करून लाकूड त्याच पाण्यात, वर पाटा-वरवंट्यातला वरवंटा किंवा एखादा दगड ठेवून, पूर्ण बुडालेलं असताना गार होऊ द्या. उष्णतेने आतली हवा फुगून बाहेर पडलेली असते. गार होताना आत जी पोकळी उरते ती पाणी ओढून घेते. म्हणजे लाकूड खरं पाणी पितं ते गार होताना. गरम असतानाच बाहेर काढलंत तर ते पुन्हा हवा पिऊन बसतं.

कुठल्या भांड्यात उकळू?

स्टीलच्या जुन्या पातेल्यात, आणि ते पातेलं पुन्हा स्वयंपाकात जाणार नाही हे आधी घरात ठरवून. मी पहिल्यांदा आईचं पुरणाचं पातेलं घेतलं होतं. त्या वर्षीची होळी अजून निघते.

तांब्याचा बंब किंवा हंडा नको. कोळंबी आणि गोगलगायींना तांब्याचा अंशही सोसत नाही. लोखंडी कढईत लाकडाचा रस आणि लोखंड मिळून पाणी शाईसारखं काळं होतं. हिरड्यापासून काळी शाई करायची जुनी रीत होती, तिच्यामागेही हीच गोष्ट आहे. प्रेशर कुकर तर अजिबात नको. सालीचा एखादा कपचा शिट्टीच्या भोकात अडकला की काय होईल ते सांगायला नको. ओव्हन, मायक्रोवेव्हमध्ये लाकूड वाळवायच्या फंदातही पडू नका, आग लागते.

लाकूड पातेल्यात मावतच नाही, दादा. कापू का?

आकार आवडून घेतलंय ना? मग कापू नका. अर्धं बुडेल असं आडवं ठेवून उकळा, मग उलटून दुसरी बाजू. तेही जमत नसेल तर मोठ्या पिंपात ठेवून वरून उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा, गार झालं की पुन्हा. असं चार-पाच वेळा केलं की पुरे. प्लॅस्टिकचं पिंप असेल तर थोडं साधं पाणी आधी तळाशी घाला, नाहीतर पिंप वाकतं.

पाणी कोऱ्या चहासारखं झालंय. मासे मरतील का?

नाही. उलट काही मासे खूश होतील.

हा रंग टॅनिनचा. चहाला, हिरड्याला, बाभळीच्या सालीला जे तुरटपण असतं तेच हे. लाकडातून ते झिरपत राहतं आणि त्यासोबत कुजलेल्या पानांतून उतरतात तशी सौम्य आम्लंही येतात. दक्षिण अमेरिकेतल्या रिओ नेग्रो नदीचं नावच मुळी काळी नदी. तिचं पाणी असंच गडद असतं आणि कार्डिनल टेट्रा मूळचे तिथले. आग्नेय आशियातल्या दलदलीत राहणारे रानटी बेट्टाही, म्हणजे फायटर मासे, याच रंगात वाढतात. अशा पाण्यात उजेड कमी शिरतो, मासे बुजत नाहीत, त्यांचे रंग खुलतात. बेट्टा पाळणारे लोक देशी बदामाची वाळकी पानं मुद्दाम टाकतात ती याचसाठी. कोकणात अंगणात पडलेली हीच पानं आपण केरात काढतो आणि शहरात तीच पाकिटातून विकत घेतो.

खरं लक्ष द्यायचं ते रंगाकडे नाही, पीएचकडे. हा आकडा जितका कमी, तितकं पाणी आम्ल. टॅनिनमुळे पीएच उतरतो, पण किती उतरेल ते तुमच्या नळाच्या पाण्यावर आहे. मुंबईला तानसा-भातसातून येणारं किंवा पुण्याला खडकवासल्याहून येणारं पाणी म्हणजे साठवलेला पाऊस. ते मऊ असतं, त्यात आम्ल झेलणारे क्षार कमी असतात. अशा पाण्यात छोट्या टँकमध्ये मोठं लाकूड टाकलं आणि पाणी बदलायचा आळस केला तर पीएच बराच खाली येऊ शकतो. बोअरचं पाणी मात्र, विशेषतः मराठवाड्यात आणि सोलापूरकडे, बहुतेक ठिकाणी जड असतं. तिथे लाकडाने पाणी तपकिरी होईल पण पीएच फारसा हलणार नाही. म्हणून कुणी 'माझा पीएच लाकडाने एकदम खाली आला' म्हणतो आणि दुसरा 'छे, काहीच होत नाही' म्हणतो तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. स्वतःचं पाणी मोजा. थेंबांची टेस्ट किट घ्या आणि केएच, म्हणजे आम्ल झेलणाऱ्या त्या क्षारांचं प्रमाण, तेही बघा. केएच दोन अंशांच्या खाली असेल तर लाकूड बेताचं ठेवा आणि दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला.

मला तो रंगच नकोय. बायको म्हणते टँक घाण दिसतो.

वहिनींच्या बाजूने बोलायचं तर रंग घालवता येतो. टाकण्याआधी दोन-तीन आठवडे भिजवा, पहिल्या आठवड्यात रोज पाणी बदला, नंतर दिवसाआड. पाणी फिकट चहापर्यंत आलं की टँकमध्ये टाका. त्यानंतर जो रंग सुटेल तो फिल्टरमधल्या अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनच्या पिशवीने जातो. कार्बन तीन-चार आठवड्यांनी बदलावा लागतो. प्युरिजेन, म्हणजे फिल्टरमध्ये ठेवायचे रंग शोषणारे मणी, हेही चांगलं काम करतं, महाग आहे पण ब्लीचच्या पाण्यात ताजं करून, मग त्यातलं क्लोरीन घालवून पुन्हा वापरता येतं. मोपानीसारखं घट्ट आफ्रिकन लाकूड वर्षभर थोडा थोडा रंग सोडत राहतं, तेव्हा स्वच्छ काचेसारखं पाणी हवं असेल तर ते घेऊच नका.

महिना झाला भिजत घालून, अजून तरंगतंय. काय करू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो.

लाकूड तरंगतं ते लाकूड हलकं असतं म्हणून नव्हे. त्याचा निव्वळ घन भाग, म्हणजे पेशींच्या भिंती, पाण्याच्या साधारण दीडपट जड असतो. तरंगवते ती पेशींमध्ये कोंडलेली हवा. ती निघून तिथे पाणी शिरलं की कुठलंही लाकूड बुडणारच. प्रश्न वेळेचा आहे. घट्ट लाकडात हवेला जागाच कमी, म्हणून मोपानी किंवा मलेशियन म्हणून मिळतं ते गडद लाकूड बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच तळ गाठतं. स्पायडर वुड, जी अझेलियाची मुळं असतात, ती कधी दोन महिनेही वर राहतात. थांबायची तयारी असेल तर थांबा. त्यात काही चुकत नाही.

थांबायचं नसेल तर वजन बांधा. लाकडाच्या तळाशी एक सपाट दगड किंवा टाइल स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने घट्ट करायची आणि ती वाळूखाली दाबून टाकायची. लाकूड पुढे स्वतःहून जड झालं तरी ती आत राहू द्या. साधा लोखंडी स्क्रू गंजतो, तो नको. स्क्रू मारायचा नसेल तर गळाच्या नायलॉन दोरीने बांधा.

आता माझी चूक सांगतो, कारण ती आपल्याकडेच होऊ शकते. घरामागे शहाबादी फरशीचा तुकडा पडला होता. तोच लाकडाखाली लावला. दुसऱ्या एका टँकमध्ये कडप्प्याचा वापरला, काळा, देखणा. सहा महिने मी डोकं खाजवत होतो की लाकूड असूनही पाणी जड कसं होतंय आणि मऊ पाणी लागणारे माझे रॅम सिक्लिड मासे का सुकतायत. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. पाण्यात, त्यातही लाकडाने आम्ल झालेल्या पाण्यात, ते हळूहळू विरघळतात आणि पाणी जड करतात. खरं तर हे मला कळायला हवं होतं. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडलं की पांढरा डाग उरतो, तो पुसून जात नाही, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत असतं. तेव्हा दगड निवडताना हाच कस लावा: लिंबाने जिथे डाग पडेल किंवा बारीक फुगे येतील तो दगड नको. ग्रॅनाइटचा तुकडा घ्या. मार्बल-ग्रॅनाइटवाल्याकडे कापून उरलेले तुकडे ढिगाने पडलेले असतात, फुकट देतात. आपला सह्याद्रीचा काळा दगडही उत्तम. साध्या सिरॅमिक टाइलचा तुकडाही चालतो.

कुणी सांगतं की लाकडावर दोन दगड ठेव, बुडेल. दगड घसरतात. रात्री दोन वाजता काचेवर दगड आपटल्याचा आवाज ऐकून उठायची वेळ येऊ नये.

गॅलरीत बादली भरून ठेवली तर सोसायटीवाले ओरडतात.

बरोबर ओरडतात. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. पावसाळ्यात पालिकेची माणसं घरोघर बादल्या, कुंड्या तपासतात ती याच कारणाने. बादलीवर घट्ट झाकण ठेवा किंवा धोतराचं कापड बांधा आणि पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून टाका. ओतताना कडांवरून ब्रश फिरवा, अंडी भिंतीला चिकटलेली असतात. ते तपकिरी पाणी मी कुंड्यांना घालतो, मोगरा तक्रार करत नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलं असेल तर मात्र घालू नका.

लाकडावर पांढरा कापूस उगवलाय! टँक वाया गेला का?

नाही. नव्या लाकडावर हे जवळजवळ नेहमी येतं, चार-पाच दिवसांत किंवा दुसऱ्या आठवड्यात. उकळलेल्या लाकडावरही येतं, त्यामुळे तयारीत चूक झाली म्हणून स्वतःला दोष देऊ नका. लाकडात उरलेल्या साखरेवर आणि रसावर बुरशी आणि बॅक्टेरिया ताव मारतात, त्यांचा हा बुळबुळीत पांढुरका थर. खाणं संपलं की दोन ते चार आठवड्यांत तो आपोआप जातो. माशांना त्याने काही होत नाही. फार डोळ्यांत खुपत असेल तर पाणी बदलताना जुन्या टूथब्रशने घासून नळीने ओढून घ्या. मॉली मासे, कोळंबी, गोगलगायी यांना हा थर म्हणजे मेजवानी. मी नवं लाकूड टाकलं की चेरी कोळंबीच्या टँकमध्ये आधी आठवडाभर ठेवतो, सफाई फुकट होते. त्यासाठी औषध टाकू नका. बुरशीनाशकाने बुरशी मरेल आणि तुमच्या फिल्टरमधले उपयोगी बॅक्टेरियाही सोबत जातील.

थर पांढरा नसून काळपट असेल, लाकूड दाबलं की बोट आत जात असेल आणि कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर ती वेगळी गोष्ट. ते लाकूड आतून सडतंय. ताबडतोब काढा.

पानशेतच्या काठावर सुंदर खोड सापडलंय. आणू का? आणि कोकणातल्या किनाऱ्यावरचं?

याचं उत्तर थोडं लांबेल.

पहिली गोष्ट कायद्याची, जी आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातही येत नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४५ नुसार वाहत आलेलं, काठाला लागलेलं, अडकलेलं किंवा बुडालेलं लाकूड हे कुणी मालकी सिद्ध करेपर्यंत सरकारचं समजलं जातं. वाहून आलेलं ते कुणाचंच नाही, ही आपली समजूत कायद्याला मान्य नाही. हाताएवढ्या काटकीसाठी कुणी तुम्हाला पकडायला येणार नाही कदाचित, पण गाडीच्या टपावर खोड बांधून आणायचं असेल तर आधी तिथल्या वनरक्षकाला विचारा. अभयारण्यातून तर वाळकं पानही उचलायचं नाही. आणि खारफुटीची, म्हणजे तिवराची, कांदळाची मुळं कितीही मोहात पाडणारी असली तरी हात लावू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आहे. ती मुळं किनारा धरून ठेवतात, माशांच्या पिल्लांना आसरा देतात. आपल्या काचेच्या डब्यासाठी ती उपटणं म्हणजे माशांच्या नावाने माशांचंच घर मोडणं.

दुसरी गोष्ट पाण्याची. लाकूड स्पंजसारखं असतं, ज्या पाण्यात राहिलं ते पाणी त्याने प्यायलेलं असतं. धरणाच्या वरच्या अंगाचं, ओढ्याकाठचं लाकूड ठीक. शहराच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेतून आलेलं किंवा रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यातल्या नदीतलं लाकूड कितीही उकळलं तरी त्यातलं काय निघालं आणि काय राहिलं हे घरी समजायचा मार्ग नाही. गणपतीनंतर नदीकाठी अडकलेले पाट, मखरांच्या पट्ट्या, मांडवाचे बांबू हेही नको. रंग, खिळे, प्लायवूडचा गोंद, सगळं त्यात असतं.

समुद्राकाठचं लाकूड दिसायला सगळ्यांत देखणं आणि तयार करायला सगळ्यांत किचकट. मीठ आतपर्यंत मुरलेलं असतं. गोड्या पाण्यात दोन-तीन महिने, पाणी बदलत बदलत भिजवावं लागतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असेल तर सोपं जातं. लाकूड तीन दिवस एकाच पाण्यात ठेवल्यावरही आकडा नळाच्या पाण्याच्या आसपास राहिला तर मीठ निघालं. पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, ते चिकटलेलं लाकूड तिथेच सोडा. आणि लाकडात पेन्सिलीएवढी गोल भोकं दिसली तर आत डोकावून पाहा. शिंपल्याचा एक भाऊबंद लाकूड पोखरून आत राहतो आणि आपल्या बोगद्याला चुन्याचं अस्तर लावतो. तो मेल्यावर आत कुजतो, आणि त्याचा चुना तुमचं पाणी जड करतो. अशा लाकडाचा दिव्याचा स्टँड छान होतो.

घरच्या झाडाचं कुठलं लाकूड चालेल?

आधी हे पक्कं असू द्या की लाकूड मेलेलं आणि पूर्ण वाळलेलं हवं. ओल्या फांदीतला रस पाण्यात सडतो. मार्च ते मे गच्चीवर, थेट उन्हात नव्हे तर पत्र्याच्या सावलीत वारं लागेल असं ठेवलं तर मध्यम जाडीचा तुकडा बऱ्यापैकी वाळतो. थेट उन्हात तो तडकतो. नखाने खरवडून आत हिरवट किंवा ओलसर दिसलं तर अजून वेळ आहे.

पेरू माझा आवडता. घट्ट, गुळगुळीत, फांद्या नैसर्गिकच वळणदार, साल पापुद्र्यासारखी निघते. जांभूळही उत्तम. विहिरीच्या कामात जांभळाचं लाकूड वापरायची आपली रीत जुनी, कारण ते पाण्यात टिकतं. चिंचेचा आतला गडद गाभा दगडासारखा असतो, बाहेरचं पिवळं लाकूड मात्र किडे खातात, ते तासून टाका. बाभूळ टिकाऊ आहे पण सालीत इतकं टॅनिन की चामडं कमावायला ती वापरतात, तेव्हा साल कणभरही ठेवू नका.

आंबा नको, मऊ असतो, वर्ष-दीड वर्षात सडायला लागतो. आंबा, काजू, बिब्बा ही एकाच घराण्यातली भावंडं, आणि काजू-बिब्ब्याचा चीक आपल्या हाताला काय करतो ते कोकणातल्या माणसाला विचारा. कडुलिंबात किडे मारणारी द्रव्यं असतात, आणि कोळंबी ही शेवटी किड्यांचीच लांबची नातलग. कण्हेर विषारी आहे. शेर, रुई, पांढरा चाफा, ज्याला चीक येतो ते सगळं वगळा. देवदार, पाइन यांत राळ असते, पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या बऱ्याचदा याच लाकडाच्या असतात आणि त्यांवर फवारणीही झालेली असू शकते. बांबू बुडत नाही आणि आतल्या पोकळीत सडतो. झाड ओळखताच येत नसेल तर ते लाकूड टँकसाठी नाही असं धरा.

साल काढायलाच हवी का? सालीसकट किती छान दिसतं!

महिनाभर छान दिसतं. मग ती सुटून फिल्टरच्या तोंडाशी जाऊन बसते. भिजल्यावर बोथट सुरीने सहज निघते, तेव्हाच काढा.

मीठ, पोटॅशियम परमँगनेट की ब्लीच?

उकळता येत असेल तर तिन्हींची गरज नाही. खूप मोठं लाकूड असेल तर जाड्या मिठाच्या पाण्यात आठवडाभर ठेवून नंतर साध्या पाण्यात आठवडाभर. परमँगनेट विहिरीत टाकतात तेच, अगदी गुलाबी होईल इतपत, काही तासांसाठी. लाकूड थोडं गडद होतं. ब्लीच मी लाकडाला लावत नाही. दगड-वाळूला ठीक आहे, लाकूड ते आत शोषून घेतं आणि सावकाश बाहेर सोडतं. कुणी वापरलंच असेल तर माशांच्या दुकानात मिळणारे, क्लोरीन मारणारे हायपोचे स्फटिक पाण्यात टाकून त्यात भिजवा, मग क्लोरीनचा वास पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्यात. साबण, फिनेल, व्हार्निश, यांचा विचारही नको.

दुकानात घेताना काय बघू?

क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावापर्यंत बहुतेक ठिकाणी लाकूड किलोवर विकतात. ओलं लाकूड तोलून घेतलंत तर पाण्याचे पैसे देताय. पण तेच ओलं लाकूड घरी नेल्यावर लगेच बुडतं, म्हणजे वाचलेल्या महिन्याचे पैसे देताय असंही म्हणता येईल. मी कोरडं घेतो, मला घाई नसते. नख रोवून पाहा, रुतलं तर ठेवून द्या. वास घ्या. मातीचा, लाकडाचा वास ठीक, रॉकेल-पॉलिशचा नको. काही ठिकाणी फांद्यांचे तुकडे गोंदाने जोडून सुंदर झाड करून विकतात, ते उकळलं की सुटं होतं. आणि टँकचं माप घेऊन जा. झाकण लागेल की नाही हे दुकानात कळत नाही.

माझ्या माशांना लाकूड चालेल का?

टेट्रा, बार्ब, रासबोरा, बेट्टा, गुरामी, एंजल, डिस्कस, आपली केरळची मिस केरळ, सगळ्यांना चालतं. ब्रिसलनोझसारखे सकर लाकूड खरवडत राहतात. त्यांना लाकूड पचतं असं नाही, वर वाढणारा थर ते मुख्यतः खातात, पण लाकूड असलं की ते टँकभर बागडतात. दुकानात 'सकर' म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा हातभर वाढणारा असतो. मोठा झाला म्हणून नदीत सोडू नका, तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतो.

आफ्रिकेच्या मलावी तळ्याच्या सिक्लिडना जड, अल्कधर्मी पाणी लागतं, तिथे लाकडापेक्षा दगड बरे. गोल्डफिशला छोटा, टोकं घासून बोथट केलेला तुकडा ठीक. ते आंधळेपणाने कशावरही आदळतात, फुगीर डोळ्यांचे तर फारच.

लाकडावर झाडं कशी लावायची?

जावा मॉस, जावा फर्न, अनुबियास. या तिघांना माती लागत नाही. मॉस पातळ पसरून साध्या सुती दोऱ्याने गुंडाळा. काही आठवड्यांत दोरा कुजून जातो, तोवर मॉसने लाकूड धरलेलं असतं. अनुबियास आणि फर्नचं आडवं खोड लाकडावर उघडंच राहायला हवं, फटीत कोंबलं की ते सडतं. फेविक्विकचा एक थेंबही चालतो, पाणी लागताच तो घट्ट होऊन पांढरा पडतो, विषारी नाही. मात्र थेंब खरोखर एकच.

लाकूड परवडत नाही. दुसरं काही?

नारळाची करवंटी. आतलं खोबरं पूर्ण खरवडून, बाहेरच्या शेंड्या काढून, अर्धा तास उकळून, एक दार कापून उपडी ठेवा. बेट्टा आणि छोट्या सिक्लिडना गुहा म्हणून लाकडाहून आवडते.

लाकूड किती वर्षं टिकतं?

माझं जांभूळ आठव्या वर्षात आहे. पेरूच्या बारीक फांद्या चार वर्षांत विरळ झाल्या. घट्ट मोपानी दहा वर्षं सहज जावं. दर सहा महिन्यांनी पाणी बदलताना बोटाने दाबून बघा, मऊ झालेला भाग चाकूने काढा, बाकीचं परत ठेवा.

जुनं लाकूड दुसऱ्या टँकमध्ये हलवताना ओलंच हलवा, त्यावरचे उपयोगी बॅक्टेरिया जगतात. पण आधीच्या टँकमध्ये रोग आला असेल तर उलट करा: उकळा, कडकडीत वाळवा, मग वापरा. वाळवलेलं लाकूड पुन्हा काही दिवस तरंगेल.

सगळं झालं. आज लाकूड टाकलं, आजच मासे सोडू का?

टँक जुना आणि चालू असेल तर मासे आत असतानाच लाकूड टाकता येतं. फक्त फिल्टर बंद करून, हळू, आधी लाकूड आणि मग त्याच्याभोवती वाळू असं ठेवा, नाहीतर मासे खालची वाळू उकरतात आणि लाकूड काचेवर कलंडतं. काचेपासून दोन बोटं अंतर राहू द्या, शेवाळं पुसायचा मॅग्नेट तिथून जायला हवा. पहिला आठवडा दिवसाआड पीएच बघा. टँक नवा असेल तर लाकूड टाका, पाणी भरा, फिल्टर चालू करा आणि मासे मात्र दुकानातच राहू द्या. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी असतात, आणि ते खाणारे उपयोगी बॅक्टेरिया फिल्टरमध्ये जमून दोन्ही शून्यावर यायला महिना-दीड महिना लागतो. तेवढ्यात लाकडावर तो पांढरा कापूस येऊन गेलेलाही असेल.